सातवं मिनिट

"गेलं!"
दारामागून मोरेश्वर ओरडतो,
डोक्यावर साबण, आवाजात आरोप,
जणू हा गॅस गीझर मी माहेराहून आणला होता.

मी वहीत लिहिते: मंगळवार, सहा चाळीस, सातवं मिनिट.
एकतीस वर्षं सहकारी बँकेत ताळे जुळवले,
हात ऐकत नाही.
सोमवार, सातवं. रविवार, साडेसहावंच.
रविवारी तो गातो, त्याला हवा जास्त लागत असेल,
असं मी शेऱ्यात लिहिलं होतं. गंमत म्हणून.

आधी सेल बदलले, दोन जाडे,
आनंदनगरच्या कोपऱ्यावरून.
दुकानदार म्हणाला, परत घेणार नाही.
मी अजून पैसेही दिले नव्हते.

मग पाण्याचा दाब.
वॉचमन म्हणाला, कॉक ए विंगवाल्यांनी पिळला.
ए विंगवाले म्हणाले, आमच्याकडेच कुठे येतंय.
शॉवरची चाळणी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली;
सकाळी पाणी आलं मोकळं, कैरीच्या लोणच्याच्या वासाचं,
आणि सातव्या मिनिटाला गार.

"तू स्वयंपाकघरातला नळ सोडतेस."
"मी नळाला हातसुद्धा लावलेला नाही."
"मग भांडी कोण घासतंय, भूत?"
त्या आठवड्यात आमचं बोलणं एवढंच झालं.
बंद पडलं की मी ओट्यापाशी उभी राहून म्हणायची,
विझला मेला.
पुन्हा खटका, पुन्हा निळी ज्योत, पुन्हा तेच.

शनिवारी इलाही तांबोळी आले.
चपला बाहेर काढल्या. गीझर उघडला नाही.
चालू केला, दार लावून घेतलं
आणि आत नुसते उभे राहिले, घड्याळ बघत,
मामलेदार कचेरीत नंबर यायची वाट बघावी तसे.
चौथ्या मिनिटालाच बाहेर आले.
"ताई, वर झडपांत काय कोंबलंय?"

वर्तमानपत्रं.
डिसेंबरात खडकवासल्याकडून वारा यायचा,
ओल्या पाठीला सुरीसारखा लागायचा,
म्हणून मीच स्टुलावर चढून एकेक फट बुजवली होती.
मोरेश्वरनं स्टूल धरलं होतं.

त्यांनी एकेक बोळा ओढून काढला.
ओलसर, कडा काळपट,
एकात अर्धं सुटलेलं शब्दकोडं, मोरेश्वरच्या अक्षरात.
खोलीत गार हवा आली,
आणि कुणाच्या तरी घरची फोडणी.

"मशीन चांगलं आहे," इलाहीभाई म्हणाले.
"आतली हवा संपत आली की ते स्वतःला विझवतं.
पूर्वीची तशी नव्हती.
ती जळत राहायची."
पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही,
पान्हा पिशवीत घातला.
"हे बाहेर घ्या, ड्राय बाल्कनीत. आतली जागाच चूक आहे.
सोमवारी माणूस पाठवतो.
तोवर बादली स्वयंपाकघरात तापवा."
अडीचशे रुपये. चहा नको म्हणाले.

रात्री वही काढली.
अकरा आठवडे, रोज दोन आंघोळी.
ज्याला मी मेला म्हटलं
तो एकशे चोपन्न वेळा विझला होता.
बेरीज बरोबर होती.
मी दोनदा तपासली, मग तिसऱ्यांदा,
आणि मोरेश्वर झोपलाय का ते बघून आले.

आता गीझर बाल्कनीत आहे, नळी भिंतीतून आत.
झडपा उघड्या. वारा येतो, पाठीला लागतो,
तो त्याबद्दल तक्रार करत नाही.
मी निवडायला मेथी घेऊन बाहेर बसते,
घड्याळाकडे न बघता.

सातवं मिनिट.
आठवं.
आतून ओरडणं नाही, गाणं नाही,
नुसता पाण्याचा एकसारखा आवाज.

"आहेस ना रे?"

पाणी थांबतं.
"आहे की. का?"

"काही नाही," मी म्हणते. "चालू दे."